म्हातारा आधी गेला की म्हातारी? बेलोना क्लबचं कोडं आणि आपल्या चाळी

शेवटची_लोकल
मंडळी, गेले दोन आठवडे कल्याण ते सीएसएमटी उभ्यानं प्रवास करत डोरोथी सेयर्सची 'द अनप्लेझंटनेस ॲट द बेलोना क्लब' (१९२८) संपवली. माटुंग्याच्या फूटपाथवर मिळाली होती. गोष्ट अशी. नव्वदीचे जनरल फेंटिमन लंडनच्या एका क्लबात शेकोटीपुढच्या खुर्चीत बसल्या जागी गेलेले सापडतात. तारीख ११ नोव्हेंबर, पहिलं महायुद्ध थांबल्याचा दिवस. त्यांची श्रीमंत, विधवा बहीण लेडी डॉर्मर त्याच सकाळी १० वाजून ३७ मिनिटांनी गेलेली. तिचं मृत्युपत्र असं, की भाऊ आपल्यामागे जिवंत असेल तर जवळजवळ सगळी इस्टेट भावाला, म्हणजे पुढे त्याच्या नातवांना. भाऊ आधी गेला असेल तर जवळजवळ सगळं ॲन डॉर्लंड नावाच्या मुलीला. म्हणजे कोट्यवधीचा खेळ एका प्रश्नावर, आधी कोण गेलं?

(पुढे रहस्यभेद आहे. खुनी कोण ते सांगत नाही.)

जनरलसाहेब खरं तर आदल्या संध्याकाळीच गेलेले असतात. नातू रॉबर्टला क्लबात ते तसे सापडतात. मृत्युपत्राची त्याला कल्पना असते. तो आजोबांना टेलिफोनच्या खोपटात बसवतो, बाहेर 'बिघडला आहे' अशी पाटी लावतो आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या दोन मिनिटांच्या शांततेला सगळे बाहेर गेले की उचलून खुर्चीत आणून ठेवतो.

माझा प्रश्न या रॉबर्टबद्दल आहे. त्यानं खून केलेला नाही. त्याच्या समजुतीप्रमाणे आजोबा म्हातारपणानं गेले. त्यानं फक्त घड्याळ पुढे सरकवलं. असा माणूस वारस म्हणून बाद व्हावा का? आपल्याकडे काय झालं असतं? घरात यावरून परवा जेवण थंड झालं. बायको म्हणते एक पै देऊ नये. मी म्हणतो, जे त्याचं आहे ते त्याचं.

नाक्यावरचा_नाना
आमच्या सोसायटीच्या लिफ्टवर तीन महिने 'बंद आहे' ही पाटी लटकतेय. आता दार उघडून बघायची हिंमत होत नाही.

खडीसाखर
अहो रहस्यभेद आहे म्हणून सांगायचं आणि त्याच परिच्छेदाच्या खाली सगळं ओतायचं! डोळे आपोआप खाली जातात हो.

शेवटची_लोकल
@खडीसाखर, माफी. पण पुस्तक शंभरीला आलंय. आणि खुनी अजून शाबूत आहे.

डॉ_हातोडा
वाचलंय, कॉलेजात असताना. शवविच्छेदन शिकवणाऱ्या सरांनीच दिलं होतं. त्यातली खरी गंमत गुडघ्यात आहे. मेल्यावर शरीर ताठतं ते साधारण जबडा आणि मानेपासून सुरू होतं, मग हात, मग पाय, आणि उतरतंही साधारण त्याच क्रमानं. जनरलसाहेब पूर्ण ताठलेले, पण एक पाय गुडघ्यातून लुळा लोंबतोय. म्हणजे ताठ झाल्यावर कोणीतरी जोर लावून तो सांधा मोडला. एकदा मोडलेला ताठपणा परत येत नाही. खोपटात बसलेलं प्रेत खुर्चीत नीट बसवायचं तर हे करावंच लागणार.

दुसरा पुरावा मला त्याहून आवडतो. त्या दिवशी प्रत्येक इंग्रज माणसाच्या कोटावर लाल कागदी फूल असतं आणि या जुन्या सैनिकाच्या कोटावर नाही. १५ ऑगस्टला छातीवर कागदी झेंडा न लावलेला माजी सुभेदार कल्पून बघा. तो त्या दिवशी घराबाहेर पडलेलाच नाही, एवढाच अर्थ.

मुंबईत हा बेत फसला असता. आपल्या हवेत ताठपणा लवकर येतो आणि लवकर उतरतो. मे महिन्यात बंद खोपटात रात्रभर ठेवलं असतं तर सकाळी पाटी कोणीच वाचली नसती, नाकानंच सांगितलं असतं.

अर्धी_कटिंग
डॉक्टर, आम्ही जेवतोय.

वकिलीणबाई
विषय आमचा आहे, त्यामुळे लांबण लागेल.

शेवटची_लोकल, तुमचं बरोबर, पण अर्धंच. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६, कलम २५. ज्यानं खून केला किंवा खुनाला साथ दिली तो मेलेल्याच्या मालमत्तेचा वारस होऊ शकत नाही. एवढंच नाही, ज्या वारसाहक्कासाठी खून केला ती दुसऱ्या कोणाची मालमत्ता असली तरी तीही मिळत नाही. आणि कलम २७ म्हणतं, असा माणूस आधीच मेला होता असं समजून वाटणी करा. हे तत्त्व १९५६च्या आधीचं आहे. १९२४ साली केंचव्वा विरुद्ध गिरीमल्लाप्पा या मुंबई इलाख्यातून गेलेल्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलनं (तेव्हाचं लंडनमधलं सर्वात वरचं अपील कोर्ट) हेच सांगितलं होतं, खुनी वारसांच्या यादीत नाहीच असं धरा.

पण प्रेत लपवणारा यात बसत नाही. खोटा पुरावा उभा करणं, फसवणुकीचा प्रयत्न, हे त्याचे वेगळे गुन्हे. त्याची शिक्षा भोगेल. वारसा जाणार नाही. मात्र खरी वेळ सिद्ध झाली की जनरल आधी गेले असं ठरतं, आणि मग त्याला बहिणीच्या इस्टेटीतून जे मिळायचं ते आपोआपच आटतं. कायद्यानं त्याला हाकलायची गरजच नाही, घड्याळानंच हाकलला.

'कोण आधी' हे अजिबात कळलं नाही तर? कलम २१. उलटं सिद्ध होत नाही तोवर धाकटा थोरल्यामागे जगला असं गृहीत. इंग्लंडच्या १९२५च्या कायद्यातही हीच रीत आहे. मृत्युपत्रातून मिळणाऱ्या वाट्याचं आणखी वेगळं. घेणारा देणाऱ्यामागे जिवंत असायला हवा, नाहीतर देणगी गळते. भारतीय उत्तराधिकार अधिनियमात उदाहरणच दिलंय, दोघं एकाच जहाजात बुडाले, आधी कोण ते कळत नाही, तर देणगी गळाली.

पिंपळपान
वाचनखूण साठवली. जहाज बुडण्याचं उदाहरण कायद्यात असतं हे माहीत नव्हतं, मला वाटायचं कायदे फक्त शेतीच्या बांधावर असतात.

माई_फणसवाडी
वकिलीणबाई, तुमचं सगळं वाचलं. पण आमच्या गिरगावात घड्याळाचा प्रश्न कधी आलाच नाही हो. आमच्याकडे प्रश्न वेगळा, मरताना सोबत कोण राहत होतं?

सांगते. सासऱ्यांची दोन खोल्यांची पागडीची जागा, तिसरा मजला, समोर गॅलरी, टोकाला सामाईक नळ. भाडेपावती सासऱ्यांच्या नावे. आम्ही दोघं, दोन पोरं आणि सासरे तिथे. मोठे दीर दहा वर्षं विरारला, स्वतःचा ब्लॉक घेऊन. पण रेशनकार्डावर त्यांचं नाव तसंच ठेवलेलं, 'असू दे, साखर मिळते' म्हणून. १९९४ साली सासरे आजारी पडले आणि त्या महिन्यात दीर अचानक राहायला आले. 'बाबांची सेवा करायची.' येताना दात घासायचा ब्रश आणला, टॉवेल आणला, देवघरात आपला एक बाळकृष्ण ठेवला. सासूबाई आधीच गेलेल्या. मी भोळी, मला वाटलं बरं झालं, रात्री उठायला एक माणूस वाढला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मालकाच्या मुनीमाला पत्र गेलेलं कळलं, पावती माझ्या नावे करा, मी वडिलांसोबत राहत होतो. आणि पुढे काय सांगू. कोर्टात अकरा वर्षं. आमचा पुरावा काय? दूधवाल्याचं कार्ड. पोरांचे शाळेचे दाखले. आणि शेजारच्या कमलाबाई. त्या साक्षीला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'पहाटे चारला नळाला पाणी येतं. दहा वर्षं मी त्या नळावर आहे. हा मनुष्य मला एकदाही दिसला नाही, ही बाई रोज दिसली.' वकिलांनी विचारलं, तुम्हाला अंधारात कसं दिसायचं? तर म्हणाल्या, 'भांडण झालं की दिसतंच.'

शेवटी तडजोड झाली. त्यांना पैसे दिले, आम्ही जागा ठेवली. इमारत आता पडली, नवीन उभी राहिली. तो बाळकृष्ण मात्र आमच्याकडेच राहिला. न्यायला कोणी आलंच नाही.

अर्धी_कटिंग
माई, 'भांडण झालं की दिसतंच' हे फ्रेम करून लावतो. असला साक्षीदार पुस्तकात तपास करणाऱ्या त्या इंग्रज लॉर्डाला, पीटर विम्सीला, मिळाला असता तर पुस्तक चाळीस पानांत आटोपलं असतं.

वकिलीणबाई
माई, कमलाबाईंना माझा नमस्कार सांगा. तुमचा मुद्दा कायद्यानं अगदी चोख आहे. तेव्हा १९४७चा भाडे कायदा होता, आता १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे, पण कणा तोच. भाडेकरू गेला की राहत्या जागेचा हक्क मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला. तसा कोणी नसेल तर मग वारसाला. एकमत नसेल तर कोर्ट ठरवतं. म्हणून मुंबईत पागडीच्या जागेचं भांडण निम्मं त्या एका महिन्याभोवती फिरतं. त्या महिन्यात अनेक कुटुंबांत पितृभक्तीला पूर येतो.

ठाणेकर_बंडू
एवढी मारामारी कशाला? फ्लॅट असेल तर नॉमिनी लावून टाकायचा. नॉमिनी असला की जागा त्याची. विषय संपला.

वकिलीणबाई
नाही हो नाही. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं दुखतं. नॉमिनी हा राखणदार. सोसायटी त्याच्या नावावर भाग हस्तांतरित करते, कारण सोसायटीला कोणाशी तरी व्यवहार करायचा असतो. मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात ज्याला दिली त्याची. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं हे १९८४ला सरबती देवीच्या खटल्यात सांगितलं, शेअर्सच्या बाबतीत २०२३ला पुन्हा सांगितलं. तरी दर गणपतीत एक भाऊ मला येऊन म्हणतो, 'पण फॉर्मवर माझं नाव आहे!'

ठाणेकर_बंडू
आं? मग मी बाबांकडून भरून घेतलेला फॉर्म?

नाक्यावरचा_नाना
बंडूशेठ, टूथब्रश आणि बाळकृष्ण घेऊन निघा.

ट्रामचा_डबा
अवांतर करतो, पण धागा त्याच दिशेला चाललाय. वारसा, खून, खोटा कागद आणि न ऐकणारा न्यायाधीश. हे सगळं आपल्याकडे शनिवारवाड्यात झालंय. ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव. 'धरावे'चं 'मारावे'. रामशास्त्र्यांनी राघोबाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. आणि वारसाचं कोडं तर सेयर्सबाईंनाही सुचलं नसतं. गंगाबाई गरोदर. जन्माला न आलेलं मूल एका बाजूला, दुसऱ्या बाजूला गादीवर बसलेला काका. बारभाईंनी त्या पोटातल्या वारसासाठी राज्य धरून ठेवलं. १८ एप्रिल १७७४ला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि राघोबाचा दावा कोसळला.

दप्तरदार
'ध चा मा' ही आख्यायिका आहे. असा मूळ कागद कोणी दाखवलेला नाही. आनंदीबाईच्या माथी मारायला सोयीची गोष्ट. इतिहास आणि गोष्ट यांत फरक करावा.

ट्रामचा_डबा
फरक मान्य. पण खून खरा, गर्भ खरा, रामशास्त्री खरे. एक अक्षर खोटं निघालं तरी खटला उभा राहतो.

पिंपळपान
आणि तोतया विसरलात की! पानिपतानंतर सदाशिवराव भाऊ म्हणून एक जण उभा राहिला, पार्वतीबाई वाट बघतायत, लोकांचा विश्वास बसतोय. बंगालात भवालचा संन्यासी, तोही तसाच. १९०९ला दार्जिलिंगला 'गेलेला' राजकुमार १९२१ला राख फासून ढाक्याला परत, आणि प्रिव्ही कौन्सिलचा निकाल १९४६ला, त्याच्या बाजूनं. त्यात 'कोण आधी गेलं' नाही, 'गेला होता का' हा प्रश्न.

खडीसाखर
मराठीत अशी कोर्टातली रहस्यकथा कोणी लिहिली? अर्नाळकरांचा झुंजार कोर्टात कमी आणि गाडीत जास्त.

अर्धी_कटिंग
सुहास शिरवळकर. बॅरिस्टर अमर विश्वास. शाळेत असताना वाचनालयात रांग लावून वाचलाय. पण मृत्युपत्रातलं एक वाक्य धरून अख्खं पुस्तक, असं मला तरी मराठीत आठवत नाही. आणि खरं सांगू का, जागेची भांडणं आपल्याला इतकी घरची आहेत की त्यात रहस्य वाटतच नाही. ज्यानं कार्डावरून नाव काढलं नाही तोच गुन्हेगार, हे पहिल्या पानावरच कळतं.

माई_फणसवाडी
साखरेसाठी ठेवलं होतं नाव. पुन्हा सांगते.

खडीसाखर
याच सेयर्सबाईंचं 'अननॅचरल डेथ' (१९२७) वाचा. त्यात तर कायदाच खुनाचं कारण. १ जानेवारी १९२६पासून इंग्लंडमधे विनामृत्युपत्र वारशाचे नियम बदलणार. आजारी म्हातारी मृत्युपत्र करायला तयार नाही. नव्या कायद्यात भाचीची किंवा पुतण्याची मुलगी बसते की नाही याची शंका. म्हणजे म्हातारी वर्ष संपायच्या आत गेली तर सगळं हिचं, जानेवारीत गेली तर सरकारचं. आता तुम्हीच ठरवा म्हातारी कधी गेली असेल.

डॉ_हातोडा
ते पुस्तक छान, पण खुनाची पद्धत वैद्यकीयदृष्ट्या पोकळ. त्यावर तेव्हापासून डॉक्टर लोक हसतायत. बेलोनातलं हृदयाचं औषध मात्र पटतं, कारण त्या औषधात उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांच्यात अंतर फार थोडं. पेनबर्थीला ते

खडीसाखर
डॉक्टर!!!

डॉ_हातोडा
अरेरे. हात निसटला. संपादकांना काढायला सांगतो.

नाक्यावरचा_नाना
म्हणजे डॉक्टरनंच डॉक्टर उघडा पाडला. हसून हसून पुरेवाट.

शेवटची_लोकल
चला, आता बिंग फुटलंच आहे तर मूळ प्रश्नाकडे येतो, कारण उरलेला अर्धा आता विचारता येईल. वकिलीणबाई, डॉक्टर पेनबर्थी स्वतः वारस नव्हता. त्याचं ॲनशी गुपचूप लग्न ठरलेलं. जनरल आधी गेले तर ॲन श्रीमंत, म्हणजे हाही. ॲनला खुनाचा पत्ता नाही. मग ॲनचा वारसा जातो का? बायकोचं म्हणणं, ज्या पैशासाठी खून झाला त्या पैशाला कोणीच हात लावू नये.

वकिलीणबाई
वहिनींचं म्हणणं मनाला पटतं, पण कलम २५ खुनी आणि साथीदारापुरतंच. ॲनला माहीत नव्हतं, तिनं मदत केली नाही, तिचा वाटा तिचा. लग्न झालं असतं, पुढे ती वारली असती आणि हे महाशय नवरा म्हणून तिच्या इस्टेटीवर हक्क सांगत आले असते, तर 'ज्या वारशासाठी खून केला' या शब्दांवर दोन्हीकडचे वकील दोन वर्षं जगले असते. मीही.

आणखी एक गोष्ट, जी मला पुस्तकापेक्षा जास्त छळते. समजा लेडी डॉर्मर आपली कोणी डोरमारेबाई असती आणि तिनं मृत्युपत्र केलंच नसतं. मूलबाळ नसलेली हिंदू विधवा. कलम १५ प्रमाणे आईवडिलांकडून आलेली मालमत्ता सोडली, तर बाकी सगळं नवऱ्याच्या वारसांकडे जातं. सख्खा भाऊ नव्वदीचा होऊन खुर्चीत बसलेला असो नाहीतर ठणठणीत असो, त्याचा नंबर नवऱ्याच्या भाच्यापुतण्यांच्या मागे. ॲन नवऱ्याकडची दूरची नातेवाईक, म्हणजे आपल्याकडे खुनाची गरजच नव्हती. २००९ला सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण होतं. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरच्यांनी घराबाहेर काढलेली, माहेरी शिकून नोकरी करून स्वतः कमावलेली बाई. ती मृत्युपत्राशिवाय गेली आणि तिची कमाई त्याच सासरच्यांना मिळाली, आईला नाही. कोर्टानं सहानुभूती कायदा बदलू शकत नाही अशा अर्थाचं म्हटलं.

माई_फणसवाडी
काय सांगता. मला नवऱ्यामागे काही नाही पण माझी पोस्टातली पुंजी आहे.

वकिलीणबाई
माई, तुम्हाला मुलं आहेत, तुमचं त्यांच्याकडे जाईल. तरी दोन साक्षीदार बोलवा आणि साध्या कागदावर लिहा. स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. सही करताना साक्षीदारांनी बघितलेलं असू दे. आणि ज्याला द्यायचंय त्याला साक्षीला घेऊ नका. हिंदूंच्या मृत्युपत्रात त्यानं देणगी आपोआप रद्द होत नाही, पण संशयाला जागा होते, आणि तो दूर करायचं ओझं मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर.

माई_फणसवाडी
कमलाबाई गेल्या हो चार वर्षांपूर्वी. नाहीतर त्याच आल्या असत्या.

शेवटची_लोकल
वकिलीणबाईंचा प्रतिसाद घरी मोठ्यानं वाचून दाखवला. कलम १५ ऐकून बायको उठली, पासबुकं काढून बसली आहे. जेवण आजही थंड. रॉबर्टचा विषय मात्र आता कोणी काढत नाही.

ठाणेकर_बंडू
बाबांना विचारलं, मृत्युपत्र करायचं का. ते म्हणाले, 'तू आज इतक्या दिवसांनी राहायला आलायस, काय भानगड आहे?'

नाक्यावरचा_नाना
अपडेट. लिफ्ट आज उघडली. आत कोणी नाही. एक छत्री आहे, काळी, लाकडी मुठीची. सेक्रेटरी म्हणतात माझी नाही, खजिनदार म्हणतात माझी नाही, आणि दोघंही ती घरी न्यायला तयार आहेत.